घाटात गाडी ओढत नाही, म्हणून पंप वाढवायचा का?

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: दिंडोरी तालुक्यातले एक टोमॅटो उत्पादक लिहितात. घरची महिंद्रा पिकअप आहे, २०११ ची, २५२३ सीसी टर्बो डिझेल. मीटरचा काटा २,८०,००० वर बंद पडला, त्यालाही दोन वर्षं झाली. हंगामात पिंपळगाव बसवंतच्या खेपा रोजच्या आणि आठवड्यातून दोनदा वाशी. जाताना शंभर क्रेट माल, येताना रिकामे क्रेट. गेल्या वर्षापासून कसारा घाट चढताना गाडी मरते, दुसऱ्या गिअरवर यावं लागतं, मागे काळा धूर सुटतो. मागची कमान (पाट्यांची स्प्रिंग) बसली आहे. ओळखीच्या मिस्त्रीने सुचवलंय: डिझेलचा पंप वाढवू, मागे कमानीत दोन-दोन पाटे टाकू, टायर एक नंबर मोठे घालू, ईजीआर (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारी यंत्रणा) बंद करून टाकू. सगळे मिळून ५५ हजार. धाकटा भाऊ म्हणतो, एवढ्यात नव्या गाडीचं डाउन पेमेंट निघेल, ही भंगारात घाला. पासिंग (आरटीओची फिटनेस तपासणी) दोन महिन्यांवर आलंय. जुन्या गाडीवर पैसे घालावेत का, आणि घातले तर आधी कशावर?

नमस्कार दादा,

पत्रात तुम्ही जाता जाता लिहिलंय की वाशीला माल भरून जाता आणि येताना क्रेट रिकामे असतात. म्हणजे कसारा घाट तुमची गाडी भरून उतरते आणि रिकामी चढते. सगळा हिशोब इथेच बदलतो. रिकाम्या पिकअपला कसारा चढायला दुसरा गिअर लागत असेल, तर त्या इंजिनची ताकद मुळात कमी होती असं नाही. याच गाडीने इतकी वर्षं हाच घाट चढलाय. होती ती ताकद कुठेतरी अडली आहे किंवा गळते आहे. ती शोधायच्या आधी पंप वाढवला, तर दोष जागेवरच राहील आणि त्याच्यावर जास्तीचं डिझेल जाईल.

दुसरी बाजू माझ्या दृष्टीने जास्त गंभीर आहे. दोन टनांवर माल घेऊन तुम्ही घाट उतरता आणि पत्रात ब्रेकचा उल्लेखही नाही. मिस्त्रीच्या यादीतही ब्रेक नाहीत. त्याकडे येतोच, पण आधी ओढ का गेली ते पाहू.

काळा धूर म्हणजे हवा कमी पडल्यामुळे अर्धवट जळलेलं डिझेल. दोनच शक्यता: हवा कमी येते, किंवा डिझेल जास्त वा चुकीच्या पद्धतीने पडतं. (निळा धूर असता तर ऑइल जळतंय म्हटलं असतं, पांढरा असता तर न जळलेलं डिझेल किंवा पाणी.) पंप वाढवणं म्हणजे पंपावरचा फुल-लोडचा स्क्रू आत घेऊन दर स्ट्रोकला जास्त डिझेल सोडणं. कंपनी तो स्क्रू उगाच सील करत नाही. आधीच हवा कमी असलेल्या इंजिनात आणखी डिझेल सोडलं की धूर वाढतो, धुराड्याचं तापमान चढतं आणि त्याचा मार पिस्टनच्या माथ्यावर, एक्झॉस्ट व्हॉल्व्हवर, हेड गॅस्केटवर आणि टर्बोवर (इंजिनात दाबाने हवा भरणाऱ्या पंख्यावर) बसतो. न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं, ऑइल पातळ होतं, बेअरिंग झिजतात. सुरुवातीचे काही दिवस गाडी खरंच उडते, म्हणूनच लोक हे काम करून घेतात. हेड उतरवायची वेळ नंतर येते, आणि तोवर पंपाचं काम कुणाच्या लक्षात राहिलेलं नसतं.

तेव्हा हे क्रमाने तपासा. पहिल्या पाच तपासण्यांना हात काळे होण्यापलीकडे फारसा खर्च नाही.

सर्वात आधी एक्सिलरेटर. एकाने केबिनमध्ये बसून पेडल पूर्ण दाबायचं, दुसऱ्याने बॉनेट उघडून पंपावरचा लिव्हर बघायचा. लिव्हर शेवटच्या स्टॉपला टेकला पाहिजे. केबल ताणली गेली असेल, तिची क्लिप सरकली असेल किंवा पेडलखाली जाड मॅट असेल, तर लिव्हर अर्ध्यातच थांबतो आणि माणूस इंजिनला दोष देत बसतो. फुकटात सुधारणारा दोष असून बहुतेक गॅरेजमध्ये हा सगळ्यात शेवटी बघतात.

दुसरं, चाकं मोकळी फिरतात का. सपाट जागी चारही चाकं एकेक करून जॅकवर घ्या, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला, बाकीच्या चाकांना दगड. हाताने फिरवून बघा. नंतर चार-पाच किलोमीटर शक्यतो ब्रेक न लावता चालवून थांबा आणि प्रत्येक चाकाजवळ हात न्या, टेकवू नका. एक चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलं असेल, तर तिथला ब्रेक धरून बसलाय. कॅलिपरचा पिस्टन गंजलेला असतो, हँडब्रेकची केबल अडकलेली असते, नाहीतर ब्रेकचे लायनर जास्त ताणून बसवलेले असतात. अशी गाडी चढाला मरणारच, शिवाय डिझेल खाणार.

तिसरं, क्लच. हँडब्रेक पूर्ण ओढून, समोर मोकळी जागा बघून, चौथा गिअर टाका आणि क्लच हळूहळू सोडा. इंजिन बंद पडलं तर क्लच धरतोय. चालूच राहिलं तर प्लेट घसरतेय. ही चाचणी एकदाच करायची, परत परत केली तर चांगली प्लेटही जळेल.

चौथं, हवेचा रस्ता. फिल्टर काढा, आत बल्ब धरून बाहेरून बघा, उजेड दिसला पाहिजे. दिंडोरीच्या शिवारातल्या धुळीत फिल्टर पुस्तकातल्या मुदतीच्या निम्म्यातच भरतो. हवा मारायची तर आतून बाहेर आणि कमी दाबाने. बाहेरून मारली तर धूळ कागदात रुतते. त्याहून महत्त्वाचं: फिल्टरच्या पुढचा, टर्बोकडे जाणारा रबरी पाईप काढून त्याच्या आत बोट फिरवा. बोटाला बारीक माती लागली तर फिल्टरला वळसा घालून धूळ आत जातेय. पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरचे लायनर खाणारी गोष्ट हीच. पाईपला चीर असेल किंवा क्लॅम्प सैल असेल, तर इंजिनचं बाकी कुठलंही काम करण्याआधी ते बदला.

टर्बोपासून इंजिनकडे जाणाऱ्या पाईपच्या जोडांवर, आणि इंटरकूलर (ती हवा थंड करणारी जाळी) असेल तर त्याच्या दोन्ही टोकांना, ऑइलचा ओला डाग दिसतोय का बघा. तिथून दाबाची हवा सुटते. इंजिन चालू ठेवून जोडावर साबणाचं पाणी टाकलं आणि साथीदाराने एक्सिलरेटर दिला की फुगे येतात. मग इंजिन थंड असताना टर्बोच्या तोंडाचा पाईप काढून आतला पंखा दोन बोटांनी हलवा. वर-खाली किंचित हलला तर चालतं, ऑइलच्या पातळ थरासाठी तेवढी जागा लागते. पुढे-मागे जाणवण्याइतकं सरकायला नको, आणि पाती घराला घासल्याच्या खुणा अजिबात नकोत.

पाचवं, डिझेलचा रस्ता. फिल्टर शेवटचा कधी बदलला ते आठवत नसेल तर बदला. वॉटर सेपरेटरचा खालचा स्क्रू सैल करून काचेच्या बाटलीत थोडं डिझेल घ्या आणि दहा मिनिटं ठेवा. तळाला वेगळा थर दिसला तर ते पाणी. चौदा-पंधरा वर्षांच्या टाकीत तळाला गाळ आणि गंज असतोच. वर्षातून एकदा टाकी उतरवून धुतली पाहिजे. सप्लाय लाइनमध्ये तात्पुरता हातभर पारदर्शक पाईप जोडून इंजिन चालवा. बुडबुडे पळताना दिसले तर लाइन हवा ओढतेय, बहुतेक वेळा बँजो बोल्टच्या (डिझेलचा पाईप जोडणाऱ्या पोकळ बोल्टच्या) तांब्याच्या वॉशरमधून. ते वॉशर दर वेळी नवे घालायचे असतात. फिल्टर बदलल्यावर हँड प्रायमरने दाब देत, ब्लीड स्क्रू सैल करून, बुडबुडे थांबेपर्यंत डिझेल काढा आणि मगच स्क्रू आवळा. नुसत्या स्टार्टरवर हवा काढायला गेलात तर बॅटरी आणि स्टार्टर दोन्हींचं नुकसान.

याच रस्त्यावर जुन्या पंपांची एक वेगळी अडचण आहे. २०२० पासून देशभर बीएस-६ चं डिझेल मिळतं, त्यात गंधक १० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत दहा. तुमचा पंप बनला तेव्हा ते ३५० पीपीएम असायचं. गंधक काढताना डिझेलमधले इतरही घटक कमी होतात, त्यामुळे जुने, कडक झालेले रबरी सील आकसतात आणि पंप बाहेरून पाझरायला लागतो, नाहीतर हवा ओढतो. पंपाच्या अंगावर ओल असेल तर सील किट बदलून घ्या. टू-स्ट्रोक ऑइल डिझेलमध्ये घालायचा सल्ला पुष्कळ जण देतील, पण पेट्रोल पंपावर मिळणाऱ्या डिझेलमध्ये वंगणाची मात्रा नियमाप्रमाणे घातलेलीच असते आणि आकसलेला सील त्याने फुगत नाही.

आता ईजीआर. मिस्त्री तो बंद करायला सांगतो त्यामागे अनुभव आहे. ईजीआर व्हॉल्व्ह काजळीने उघडाच अडकला, तर चढाला पूर्ण एक्सिलरेटर दिला तरी जळलेला धूरच परत इंजिनात जातो, हवा कमी पडते आणि गाडी काळा धूर टाकत मरते. तुमची लक्षणं हीच आहेत. पण उपाय आहे व्हॉल्व्ह काढून कार्बन क्लीनरने धुणं, त्याचा दांडा मोकळा चालतो आणि पूर्ण बसतो हे पाहणं आणि गॅस्केट नवं घालणं. इनटेक मॅनिफोल्डचं तोंडही त्याच वेळी बघा. तिथे ऑइल आणि काजळीचा थर बोटभर जाड झालेला असू शकतो. पत्र्याचा तुकडा घालून ईजीआर बंद करणं हा प्रदूषण नियंत्रणाच्या यंत्रणेत केलेला बदल आहे, आणि साफ केलेल्या व्हॉल्व्हपेक्षा ओढीत त्याने काही जास्त मिळत नाही.

एवढं करूनही फरक पडला नाही, तरच पुढचं खर्चाचं काम. त्यातही क्रम महत्त्वाचा: आधी कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा दाबली जाते तो दाब), मग नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे), मग टॅपेट (व्हॉल्व्हची फट), मग पंपाचं टायमिंग, आणि पंप उतरवायचं सगळ्यात शेवटी.

कॉम्प्रेशनला जाण्याआधी घरच्या घरी एक अंदाज घेता येतो. इंजिन गरम करून आयडलवर ठेवा, ऑइल भरायचं झाकण काढा आणि उलटं करून तोंडावर नुसतं ठेवा. थोडं थरथरलं तर वयाप्रमाणे ठीक. नाचायला लागलं किंवा उडून पडलं आणि तोंडातून धुराचे झोत येत असतील, तर रिंगांमधून दाब खाली येतोय. खात्रीसाठी गेज लावूनच मोजा: इंजिन गरम, बॅटरी पूर्ण चार्ज, चारही नोझल काढलेले. मूळ आकडा सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्यायला लावा. चार सिलिंडरमधला फरक ३-४ बारच्या आत हवा. तीन सारखे आणि एकच खाली असेल, तर त्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह, गॅस्केट किंवा रिंग. चारही सारखेच खाली असतील, तर इंजिन झिजलंय.

नोझल बाहेर आलेच आहेत, तर त्याच दिवशी टेस्टरवर घ्या. उघडण्याचा दाब चारही नोझलचा सारखा, फवारा धुक्यासारखा बारीक, आणि दाब सोडल्यावर टोकाला थेंब नको. थेंब गळणारा नोझल पिस्टनला एका जागी भाजत राहतो. काम झाल्यावर दुकानदाराकडून आधीचा आणि नंतरचा दाब चिठ्ठीवर लिहून घ्या आणि नोझलची जुनी टोकं परत मागा. परत बसवताना खालचे तांब्याचे वॉशर नवेच. टॅपेट मॅन्युअलमधल्या मापाने, आणि ते माप थंड इंजिनचं आहे की गरम, हे विचारून. इतकं झाल्यावर पंप टेस्ट बेंचवर न्यायचाच झाला, तर मूळ कॅलिब्रेशनवर आणायला सांगा. पंप 'वाढवणं' आणि पंप 'बांधून मापावर आणणं' ही दोन वेगळी कामं आहेत, दुकानात तसं स्पष्ट सांगा.

मोठ्या टायरचा मुद्दा दोन ओळींत संपतो. टायरचा घेर ५ टक्क्यांनी वाढला की चाकावरची ओढ साधारण तेवढीच घटते. ओढ नाही म्हणून तक्रार असलेल्या गाडीला हा उलटा उपाय झाला. मूळ मापाचे, योग्य लोड रेटिंगचे टायर घ्या, आणि बाजूवरचा चार आकडी शिक्का बघून घ्या: २३२४ असेल तर २०२४ चा तेविसावा आठवडा.

पाट्यांचं प्रकरण मात्र सविस्तर लिहावं लागेल, कारण त्यात जिवाचा प्रश्न आहे.

पिकअपला मागच्या ॲक्सलजवळ चॅसिसवर एक छोटा ब्रेक व्हॉल्व्ह असतो, त्याची सळई किंवा स्प्रिंग ॲक्सलला जोडलेली. गाडीत माल भरला की चॅसिस खाली येतो, सळई वळते आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडतो. गाडी रिकामी असली की चॅसिस वर राहतो आणि मागचा दाब कमी होतो, म्हणजे मागची चाकं लॉक होऊन गाडी आडवी फिरू नये. व्हॉल्व्हला वजन कळत नाही, त्याला फक्त चॅसिस आणि ॲक्सलमधलं अंतर कळतं. आता दोन-दोन पाटे वाढवले की शंभर क्रेट भरूनही गाडी दबत नाही. व्हॉल्व्ह समजतो गाडी रिकामी आहे. मागचे ब्रेक अर्धवट लागतात, सगळा भार पुढच्या डिस्कवर येतो, आणि हे कुठे, तर कसारा उतरताना.

आज तुमची कमान बसलेली आहे, म्हणजे उलटं चाललंय: गाडी रिकामी असतानाही व्हॉल्व्हला ती भरलेली वाटते. पावसात रिकाम्या गाडीचा ब्रेक जोरात दाबल्यावर मागचा भाग सरकतो का, आठवून बघा. सरकत असेल तर कारण हे असू शकतं.

पाटा वाढवल्याने ॲक्सलचं बेअरिंग, हब, ब्रेक, चॅसिस यांची क्षमता वाढत नाही. गाडी दबत नाही म्हणून ती पेलते असं वाटतं, एवढंच. कमानीत जिरणारा धक्का मग चॅसिसवर जातो आणि कमान जिथे चॅसिसला टांगलेली असते त्या हँगरच्या रिव्हेटांजवळ तडा सुरू होतो.

म्हणून कमान मूळ पाट्यांच्या संख्येवरच दुरुस्त करा. कमानपाट्याच्या चांगल्या कारागिराकडून दोन्ही बाजू एकदम उतरवा. तुटलेले, पातळ झालेले पाटे बदला, मेन पाटा शक्यतो नवाच घ्या. जुने पाटे ठोकून परत बाक देता येतो, पण तो बाक फार काळ टिकत नाही. सेंटर बोल्ट, शॅकल पिन, बुश आणि यू-बोल्ट नवे. एकदा पूर्ण ताणलेला यू-बोल्ट परत वापरू नये. बसवल्यावर ५०० किलोमीटरने सगळे यू-बोल्ट परत आवळा. पाटे एकमेकांवर बसतात तशी पकड सैल होते, आणि सैल यू-बोल्टनेच सेंटर बोल्ट तुटतो. शेवटी त्या ब्रेक व्हॉल्व्हची सळई मापाने लावून घ्या. ती गंजून अडकलेली किंवा कुणीतरी तारेने बांधून ठेवलेली सापडली, तर आधी तेच काम.

ब्रेकमध्ये तुमच्या रस्त्यासाठी चार गोष्टी. ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदला: ते हवेतलं पाणी शोषतं, आणि डॉट-३ (ब्रेक ऑइलचा एक ग्रेड) चा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २०५ अंश असतो, तो पाणी मुरल्यावर १४० अंशांपर्यंत येऊ शकतो. लांब उतारावर ते उकळलं की पेडल थेट खाली जातं. तुमच्या गाडीला झाकणावर लिहिलेला ग्रेडच घाला. दुसरं, मागचे ड्रम उघडून व्हील सिलिंडर पाझरतोय का आणि ॲक्सलच्या सीलमधून ऑइल लायनरवर आलंय का बघा. ऑइल पिलेले लायनर घासून परत वापरू नका.

तिसरं, ब्रेक बूस्टरला (पायाचा जोर वाढवणाऱ्या भागाला) लागणारा व्हॅक्यूम डिझेल गाडीत वेगळ्या पंपाने तयार होतो, आणि आपल्याकडच्या जुन्या पिकअपना तो बहुधा अल्टरनेटरच्या पाठीवर असतो. त्याला इंजिनचं ऑइल लागतं. त्याचं सील गेलं की ऑइल अल्टरनेटरमध्ये उतरतं, चार्जिंग जातं. पंप झिजला किंवा पाईप चिरला की पेडल दगडासारखं कडक होतं. इंजिन बंद करून पेडल चार-पाच वेळा दाबा, मग दाबून धरून इंजिन चालू करा. पेडल किंचित खाली गेलं तर बूस्टर ठीक.

चौथी गोष्ट सवयीची. ज्या गिअरमध्ये भरलेल्या गाडीने तो उतार चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरा. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणारे ड्रायव्हर आहेत, त्यांचा हिशोबच चुकतो: गिअरमध्ये असताना एक्सिलरेटरवरून पाय काढला की पंपाचा गव्हर्नर डिझेल बंद करतो, उलट न्यूट्रलमध्ये आयडलचं डिझेल जळतच राहतं. आणि इंजिन बंद करून उतरलं तर दोन-तीन ब्रेकमध्ये व्हॅक्यूम संपतो.

आता शंभर क्रेट. वीस किलोचा माल आणि क्रेटचं वजन धरून एक क्रेट बावीस किलो, म्हणजे २.२ टन. तुमच्या आरसीवर एकूण वजन आणि रिकामं वजन दोन्ही लिहिलेलं असतं. त्यांची वजाबाकी करा, ड्रायव्हर आणि सोबत्याचं वजन काढा, उरेल तो माल. या वर्गातल्या गाड्यांना तो सव्वा टनाच्या आसपास येतो, म्हणजे पंचावन्न क्रेट. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे जादा भाराला २० हजार रुपये आणि वरच्या दर टनाला २ हजार, शिवाय जादा माल तिथेच उतरवायचा. टोमॅटोसारखा माल रस्त्यात उतरवावा लागणं म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. अपघात झाला तर विम्याचा दावाही अडकू शकतो. मला कल्पना आहे की पंचावन्न क्रेटवर वाशीची खेप परवडत नाही. म्हणून पर्याय सुचवतो: पिकअप पिंपळगावच्या खेपांना ठेवा, तिथे दोन फेऱ्या सहज होतात. वाशीच्या दिवशी शेजारच्या दोन-तीन शेतकऱ्यांचा माल एकत्र करून मोठी गाडी भाड्याने घ्या आणि क्रेटमागे भाडं वाटून घ्या. एकदा कागदावर मांडून बघा. भाड्यासमोर तुमच्या गाडीचं डिझेल, टोल, टायर आणि कमानीची झीज धरली तर फरक वाटतो त्यापेक्षा कमी निघेल.

भावाचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. त्याने डाउन पेमेंटचा विचार केलाय, हप्त्याचाही करायला सांगा: तुमचा हंगाम चार-पाच महिन्यांचा, हप्ता बारा महिन्यांचा. नव्या बीएस-६ गाडीच्या धुराड्यात काजळी पकडणारा फिल्टर असतो. तो साफ होण्यासाठी इंजिनला बराच वेळ सलग तापून चालावं लागतं, आणि नुसत्या शेत-ते-बाजार छोट्या खेपांत तो तुंबतो, हेही लक्षात घ्या. पण काही बाबतींत भाऊ बरोबर ठरेल. चॅसिसला हँगरजवळ तडे असतील किंवा गंजाने पत्रा स्क्रूड्रायव्हरने आत जात असेल. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन खाली असेल आणि हजार किलोमीटरला लिटरभर ऑइल लागत असेल. तर या गाडीवर मोठा खर्च करू नका. नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रावर मोडलीत तर मिळणाऱ्या प्रमाणपत्रावर, केंद्राच्या नियमानुसार, नव्या व्यावसायिक वाहनाच्या करात १५ टक्क्यांपर्यंत सूट देता येते. कॉम्प्रेशन आणि चॅसिस दोन्ही ठीक असतील, तर ही गाडी अजून काही हंगाम काढेल आणि तीच ठेवावी असं माझं मत आहे.

पासिंगचं म्हणाल तर आठ वर्षांवरच्या माल वाहनाला ते दरवर्षी लागतं. २०११ ची बीएस-३ गाडी धुराच्या चाचणीत २.४५ प्रति मीटर, म्हणजे ६५ एचएसयूच्या (धुराच्या काळेपणाचं माप) आत हवी. पंप वाढवून तुम्ही नेमके त्याच चाचणीत अडकाल. मोठे टायर आणि वाढवलेले पाटे हे कलम ५२ खाली मूळ रचनेत केलेले बदल धरले जाऊ शकतात. मीटरचा काटा आधी दुरुस्त करा. तो नसताना ऑइल कधी बदललं, फिल्टर कधी घातला, ॲव्हरेज किती, कशाचाच हिशोब राहत नाही. पुढे-मागे आणि बाजूला रिफ्लेक्टिव्ह टेप लावा. रात्रीच्या वाशीच्या रस्त्यावर ती तुमच्याच कामाची आहे. गाडी जुनी होत जाईल तशी फिटनेसची फी बरीच वाढते, ती हिशोबात आत्ताच धरून ठेवा.

बदल करायची हौस असेल तर उपयोगाचे बदल आहेत. हेडलाइटला रिले लावून जाड वायर थेट बॅटरीपासून, फ्यूजसह. जुन्या स्विचमधून जाणाऱ्या करंटने बल्ब निम्मा पेटतो. डिझेल लाइनला पारदर्शक भांड्याचा वॉटर सेपरेटर. तापमानाचा चांगला काटा. आणि तुमच्या गाडीतला थर्मोस्टॅट कुणी काढून टाकलाय का ते बघा; गरम होते म्हणून तो काढायची पद्धत सर्रास आहे. त्याने इंजिन कायम थंड चालतं, डिझेल जास्त खातं, रिंगा झिजतात. थर्मोस्टॅट पातेल्यातल्या पाण्यात दोऱ्याने टांगून पाणी तापवा. त्याच्यावर कोरलेल्या अंशाला, बहुधा ८२ च्या आसपास, तो उघडला पाहिजे. गाडी गरम होण्याचं खरं कारण बहुतेक वेळा बोअरच्या पाण्याचे क्षार असतात. रेडिएटर साफ करून घ्या आणि डिस्टिल्ड पाण्यात कूलंट मिसळून भरा, बोअरचं पाणी परत घालू नका.

या आठवड्यात एक्सिलरेटर, चाकं, क्लच, हवा, डिझेल आणि ईजीआर एवढंच उरका आणि रिकाम्या गाडीने घोटीमार्गे कसाऱ्याला उतरून परत चढून या. गाडी तिसऱ्या गिअरवर सरळ चढली तर इंजिनचा विषय संपला; ५५ हजारांतली मोठी रक्कम ब्रेक आणि कमानीला जाऊ द्या. नाही चढली तर कॉम्प्रेशनचे चार आकडे काढून मला कळवा, आणि ते येईपर्यंत मिस्त्रीला आगाऊ पैसे देऊ नका.